लांब बघायचा सल्ला

तुम्ही हसाल, पण त्या दिवशी माझी नोकरी गेलीच होती.

न्हावा शेव्याच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी दिवसभर स्क्रीनवर कंटेनरचे नंबर भरतो. दुपारपासूनच डोळ्यांतून पाणी यायला लागतं. डॉक्टर म्हणाले, “मधूनमधून चष्मा काढ आणि खिडकीतून लांब बघत जा.” आमच्या खिडकीतून लांब म्हणजे समोर राहणाऱ्या जनामावशीचं अंगण. मी इमानदारीने तिकडे बघत बसायचो.

एक दिवस मावशी थेट शेठच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

“शेठ, तुमचा ह्यो पोरगा दिवसभर माझ्या अंगणात टक लावून बघतो.”

शेठ माझ्यावर उखडले. “मावशीची सून तिथे कपडे वाळत घालते! लाज वाटत नाही? उद्यापासून येऊ नकोस.”



“सुनेचं काय घेऊन बसलाव?” मावशी शेठवरच कडाडली. “सुकत घातलेलं बोंबील मांजरीनं नेलं. ह्यो समोरच बघत व्हता, मग हाकलली का न्हाय?”

“मावशी, मी चष्मा काढून बघतो,” मी कसंबसं म्हणालो. “मला काहीच दिसत नाही.”

मावशीने टेबलावरचा माझा चष्मा उचलून माझ्या नाकावर बसवला.

“मग उद्यापासून ह्यो घालून बघ!”