बारा मेंढ्या, बारा नग

...नाही, पण मला एक सांगा, मेंढ्या बारा असल्या काय आणि मधमाश्या बारा असल्या काय, बारा म्हणजे बाराच ना? मग मेंढ्यांच्या घोळक्याला एक शब्द आणि माश्यांच्या घोळक्याला दुसरा, हे कशाला? आणि हे पाठ कुणी करायचं, तर मी! त्रेसष्टाव्या वर्षी! स्पॅनिशमध्ये! तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं कारखान्यात स्टोअरकीपर होतो मी. नट आले, बोल्ट आले, पट्टे, बादल्या, झाडू... एकदा तर मोठ्या साहेबांच्या केबिनसाठी काचेची टाकी आली, आत मासे, जिवंत! अख्खं ऑफिस बघत बसलं, ह्यांची नोंद कशी करायची. मी पेन उघडलं. टाकी एक नग, मासे नऊ नग. नग लिहा आणि मोकळे व्हा! एकतीस वर्षांत एकाही ऑडिटरची हरकत नाही.

तर म्हणाल, मग ह्या वयात ही अवदसा आठवली कुठून? नातीमुळे हो! आमची लेक दिली परमुलखात, म्हणजे दिली कसली, तिनंच ठरवलं, जावई तिकडचा, घरात सगळी स्पॅनिश. नात पाच वर्षांची. लेकीमुळे मराठी कळतं थोडं, पण बोलते स्पॅनिशच. दर रविवारी व्हिडिओ फोनवर यायची, मी विचारायचो, "जेवलीस का?" ती मान हलवायची. मी हसायचो. ती हसायची. संपलं! मग एका रविवारी आलीच नाही. दुसऱ्याही नाही. लेक आढेवेढे घेत म्हणाली, "बाबा, राग मानू नका... ती म्हणते, आबांशी काय बोलू? ते नुसतं जेवणाचं विचारतात."

लागलं हो मनाला. रागावणार तरी कुणावर? खरंच तर होतं! पाचव्या वर्षी हे, तर दहाव्या वर्षी माझा फोटो बघून विचारेल, हे गृहस्थ कोण? रात्रभर कूस बदलत होतो, आणि सकाळी उठून थेट तिसऱ्या मजल्यावर, तिथे एक बाई स्पॅनिश शिकवतात. वयानं माझ्या लेकीएवढ्या, पण दरारा काय विचारता! "काका, नात कशात रमते?" म्हटलं, खेळण्यातल्या प्राण्यांत, बादलीभर आहेत तिच्याकडे. "मग तिथूनच सुरुवात."

आणि सुरू झाली ना वरात! मेंढ्या असतील तर रेबान्यो. पाखरं असतील तर बांदादा. लांडगे, हत्ती, मानादा. मासे, कार्दुमेन. मधमाश्या, एन्हाम्ब्रे. डुकरं असतील तर, ऐका हं, प्यारा! डुकरांनी काय पुण्य केलं होतं कुणास ठाऊक. मी म्हटलं, बाई, सगळ्यांना मिळून एक घाऊक शब्द नाही का? बाई म्हणाल्या, "आहे ना, ग्रूपो. चालतो. पण पाच वर्षांची मुलगी हसेल, काका." झालं! नाहीतर मी सांगणारच होतो, नग लिहा आणि मोकळे व्हा!

पण आता मीही स्टोअरकीपर, पद्धत सोडतो होय! प्रत्येक शब्दाचं एक कार्ड केलं, स्टोअरमध्ये रॅकला लटकवायचो तसं, आणि गॅलरीतल्या दोरीला चिमट्यानं लावलं. आमची ही बादली घेऊन उभी. "अहो, ओले कपडे कुठे घालू? डुकरांवर की मेंढ्यांवर?" म्हटलं, जरा थांब, नातीचा प्रश्न आहे. ही म्हणाली, "नातीचा आहे म्हणून तर थांबलेय," आणि टॉवेल माझ्या डोक्यावर टाकून गेली.

मग आला नातीचा वाढदिवस. लेकीनं फोन पोरांसमोर धरला. आठ-दहा मित्रमैत्रिणी, टोप्या घातलेल्या, सगळी माझ्याकडे बघतायत. पोरांच्या टोळक्याला पांदिया म्हणतात, मला पाठ होतं हो! पण ऐन वेळी शब्द हजर नाही. आता स्टोअरची रीत काय? मागितलेला माल साठ्यात नसेल तर त्याच्या जवळचा द्यायचा, गिऱ्हाइकाला हात हलवत पाठवायचं नाही. मी दोरीकडे बघितलं, हाताशी आलं ते कार्ड ओढलं आणि दणकून म्हणालो, "वा! केवढी सुंदर हाउरीआ!"

एक पोरगं रडायला लागलं. नातीनं फोन उपडा टाकला.

दुसऱ्या दिवशी शिकवणीत बाईंनी हे ऐकून कपाळाला हात लावला. "काका! हाउरीआ म्हणजे शिकारी कुत्र्यांची झुंड! वाढदिवसाला बोलावलेल्या पोरांना?" मी चिडलोच. म्हटलं, हे तुमचं स्पॅनिशच आगाऊ! आमच्या मराठीत नाहीत असली थेरं! बाई शांतपणे म्हणाल्या, "बरं. पाखरांचा?" मी म्हटलं, थवा. "गुरांचा?" कळप. "किल्ल्यांचा?" जुडगा. "केळ्यांचा?" घड. "द्राक्षांचा?" घोस. "लाकडांची?" मोळी. "नाण्यांची?" चळत. "मधमाश्यांचं?" मोहोळ... आणि मी थांबलो. अंगावर काटा आला हो, खोटं नाही सांगत! हे सगळं माझ्या तोंडात होतं? कुणी कार्डं लावली होती? आणि कुणी बसवले असतील हे शब्द? कुणीतरी गुराखी, कुणीतरी मोळी डोक्यावर घेतलेली बाई, आणि तिकडे सातासमुद्रापलीकडे दुसरा कुणी मेंढपाळ, एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, आणि दोघांनाही वाटलं, छे, ह्याला स्वतःचं नाव पाहिजे. केवढी माया असेल माणसांची त्या वस्तूंवर! आणि मी? साहेबांच्या किल्ल्यांचा जुडगा एकतीस वर्षं ‘नग’ लिहीत बसलो.

पुढच्या रविवारी लेकीनं नातीला धरून बसवलं. तोंड फुगलेलं. मी म्हणालो, "पेर्दोन," म्हणजे माफ कर. तिनं मान फिरवली. पुढचे शब्द आठवेनात, दोरीवर आमच्या हिनं चादर टाकलेली! म्हटलं, गेली, आता ही पोर हातची गेली. आणि काही सुचेना म्हणून काय केलं, तर एकतीस वर्षं करत आलो तेच. जुनी वही काढली, पेन कानामागून घेतलं, चष्मा नाकावर ओढला आणि साहेबी आवाजात म्हणालो, "स्टॉक मोजणी! माल दाखवा! मेंढ्या किती नग?"

तिनं बघितलं माझ्याकडे. मग उठली, बादली आणली आणि धाडकन जमिनीवर ओतली. "रेबान्यो!" म्हणाली, बोटं मोजली, दाखवली. मी लिहिलं, रेबान्यो, सहा नग. मुद्दाम नाही हो, खरंच चुकून हत्तींना बांदादा म्हणालो. ती कमरेवर हात ठेवून ओरडली, "नो, आबा! हत्ती उडतात का?" अर्थात स्पॅनिशमध्ये! आणि मला कळलं! मला कळलं हो! दीड तास चालली मोजणी. पोर पळतेय, मोजतेय, मला झापतेय, आणि मध्येच खणखणीत मराठीत विचारतेय, "आबा, किती नग?" आमची ही दारात उभी राहून डोळे पुसत होती आणि म्हणत होती, कांदा चिरत होते. हातात कांदा नाही, सुरी नाही!

शेवटी म्हटलं, आता घरातली माणसं. तिनं बोटं काढली. आई, बाबा, ती स्वतः, तिकडची आजी, मांजर, आज्जी... आणि आबा. सात नग! एकतीस वर्षांत जगाची नोंद केली, माझी कुणी केली नव्हती. मी विचारलं, ह्याला शब्द कुठला लावू? मांजर आहे, म्हणजे मानादा? ती इतकी हसली, इतकी हसली... "आबा! फामीलिया!"

वहीत डोकावून आमची ही म्हणाली, "अहो, मांजर तुमच्या वर आहे." म्हटलं, असू दे, साठ्यात तर आहे! तर आता परवा लेकीचा निरोप, मांजर व्यायलंय. चार पिल्लं. नातीनं फेरमोजणी करून यादी पाठवलीसुद्धा, पिल्लं आईला चिकटून, आणि मी अकरावा! काय करता? लिहिलं बापडं वहीत, आबा, एक नग, आणि मोकळा झालो.