येऊ की

मनस्विनी : विषय बदलू नका, काका. हे काय आहे ते सांगा. फॉर्मच्या कोपऱ्यात, पेन्सिलीनं. 'वे'.

बद्रीनाथ : कुठं? चष्मा नाय माझा जवळ.

मनस्विनी : डोक्यावर आहे.

बद्रीनाथ : व्हय की. हां, हे व्हय! 'वे' म्हंजे... वेळेवर भरलेला फॉर्म.

मनस्विनी : आणि बाकीचे उशिरा भरलेत? सगळे बाराशे फॉर्म तुम्ही एकट्यानं, एका महिन्यात भरून घेतलेत. त्यातल्या एकशे एकतीसांवर 'वे' आहे. पुण्याहून येताना गाडीत मोजले मी.

चतुराबाई : चहा घे, मनू. अन् ह्यांना काय इचारू नको. ह्या माणसाला खोटं बोलता येत नाय, पण हौस लई.

बद्रीनाथ : तू गप ना जरा.

चतुराबाई : सहा वर्षांनी लेकरू पडेगावात आलं, ते बी कागदं घेऊन. अन् तुम्ही तिलाच बनवायला बसले.

मनस्विनी : काका, आज संध्याकाळपर्यंत मला अहवाल पाठवायचा आहे. प्रश्न एकच आहे, आपल्या शहरात व्यावसायिक फुटबॉल संघ चालेल का? आमचे हिमांशू सर तर आत्ताच खूश आहेत. नऊशे चौऱ्याहत्तर जणांनी सांगितलंय, तिकीट काढून मॅचला येणार. सर म्हणतात, एकामागं घरचे-दारचे धरून पाच माणसं. म्हणजे जवळपास पाच हजार झाले. संघ काढणाऱ्या कंपनीला तेवढेच हवेत.

बद्रीनाथ : मंग झालं तर. पाठवून दे.

चतुराबाई : सांगा तिला. नाय तर मी सांगते.

बद्रीनाथ : तुला काय जातंय सांगायला? क्लब आला तर प्रॅक्टिसला आपलं हे दारापुढचं मैदान घेणार म्हन्ले ते लोक. नाय आला तर राजकुमारशेठ लॉन करून टाकतोय इथं. लग्नाचं लॉन! जिथं गोलपोस्ट हाय तिथं नवरा-नवरीचा सोफा. मी काय मंग गेटवर उभा राहून गुलाबपाणी शिंपडू?

मनस्विनी : लॉन? हे मला कुणी सांगितलं नाही.

बद्रीनाथ : जमीन शेठची. तीस वर्षं खेळू दिलं हेच लई झालं. आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लॉनच लॉन झाले, त्यानं तरी का थांबावं?

मनस्विनी : म्हणून 'वे' सांगत नाही आहात.

चतुराबाई : 'वे' म्हंजे वेळ इचारली. झालं? सुटले आता तुम्ही बी.

मनस्विनी : वेळ विचारली म्हणजे?

बद्रीनाथ : आता ऐकच. मी गंगापूरला गेलो, मोतीरामकडं. आपला जुना गोलकीपर. म्हन्लं, आपल्या शहराची टीम होऊ राहिली, तिकीट काढून येशील का? म्हन्ला, "येऊ की! न यायला काय झालं?" चहा पाजला, भुईमुगाच्या शेंगा बांधून दिल्या. आता तो 'हो' म्हन्ला तर मी 'हो'वरच टिक करणार ना?

मनस्विनी : बरोबर.

बद्रीनाथ : पण तो येणार नाय.

मनस्विनी : कशावरून?

बद्रीनाथ : त्यानं टाइम नाय इचारला. ज्याला खरंच यायचं असतं ना, तो पहिलं इचारतो, किती वाजता? त्याला गंगापूरची शेवटची जीप धरायची असती. म्हशीची धार असती. चितेगावला कंपनीत असंल तर शिफ्ट बदलून घ्यायची असती. ज्याला यायचंच नाय त्याला सगळेच टाइम चालतात.

मनस्विनी : मग स्पष्ट 'नाही' का म्हणत नाहीत?

बद्रीनाथ : दारात आलेल्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणावं? 'येऊ की' म्हन्लं की त्याची बी इज्जत राहती, आपली बी.

चतुराबाई : ह्यांना हे आमच्या पोरीच्या, सोनियाच्या लग्नात कळलं. समदं गाव 'येऊ की' म्हन्लं अन् ह्यांनी आचाऱ्याला हजार पानं सांगितली. चार दिवस बुंदी खाल्ली आम्ही. शेजारची कुत्री बी बुंदी बघून तोंड फिरवायली.

मनस्विनी : (चहाचा कप खाली ठेवून) काकू... मी दर दिवाळीला फोनवर तुम्हाला...

चतुराबाई : ठाव हाय.

मनस्विनी : मला खरंच यायचं असायचं.

चतुराबाई : पहिली दोन वर्षं करंज्यांचा डबा भरून ठेवला तुझ्या नावाचा. मंग नाय ठेवला. राग नाय बाई. तुमचं पुण्याचं काम लई, आम्हाला कळत नाय का? चहा निवू राहिला तुझा.

मनस्विनी : काका, 'वे' लिहिलं नसतंत तर मला काहीच कळलं नसतं. मैदान वाचत होतं. मग लिहिलंत कशाला?

बद्रीनाथ : तेच तर. हातच राहिना. पेननं लिवायची हिंमत नाय झाली, अन् न लिवता जेवण गोड लागंना. म्हणून पेन्सिल.

चतुराबाई : खोडरबर बी आणून ठेवलं होतं. तसंच पडलंय कपाटात, नवं कोरं.

मनस्विनी : एकशे एकतीस. एकामागं पाच धरले तरी साडेसहाशे. एवढ्यावर संघ नाही चालत, काका. रिकाम्या खुर्च्या बघून दोन वर्षांत गाशा गुंडाळतील.

बद्रीनाथ : दोन वर्षं तर दोन वर्षं. तवर मैदान राहील.

मनस्विनी : मग नऊशे चौऱ्याहत्तरच ठेवू? फॉर्मवर 'हो'च्या खुणा आहेतच, मी काही बनवून लिहीत नाही. तुम्ही ठेव म्हणा, ठेवते.

बद्रीनाथ : हे माझ्यावर टाकू नको, मनू.

मनस्विनी : मैदान तुमचं आहे.

बद्रीनाथ : तुझी पैठण रोडची फायनल आठवती? शेवटच्या मिनिटाला गोल मारला तू.

मनस्विनी : गोल कसला! रेफ्रीनं दिला होता. तुम्ही लाइनमन होतात, तुम्ही झेंडा वर करून तो रद्द करवलात. स्वतःच्या टीमविरुद्ध.

बद्रीनाथ : बॉल रेघेवर होता. पुरता आत गेलता का? नव्हता गेला. रेघ सकाळी मीच टाकलेली, माझ्याच चुन्याची. मला दिसंना होय? तू आठ दिवस बोलली नाय माझ्याशी.

मनस्विनी : बारा दिवस.

बद्रीनाथ : बारा. अन् आता मी तुला सांगू, नऊशे चौऱ्याहत्तर ठेव म्हणून? कोणत्या तोंडानं सांगू?

चतुराबाई : झालं. गेलं मैदान.

बद्रीनाथ : जाऊ दे. एकशे एकतीस लिव तू.

मनस्विनी : लिहिते. पण खाली अजून एक ओळ लिहिणार आहे. मोठा संघ इथं नको, मात्र एवढ्या माणसांना रविवारची मॅच हवी आहे, तर कंपनीनं निदान हे मैदान भाड्यानं घ्यावं. शेठनाही जाताना भेटते.

बद्रीनाथ : भेट. तो म्हणंल, "बघू की, ताई!"

मनस्विनी : मग मी विचारीन, कधी बघता? तारीख सांगा.

चतुराबाई : शिकली गं बाई.

बद्रीनाथ : गोलपोस्ट मात्र मी माझ्या हातानं काढणार नाय. त्यानं दुसरा माणूस लावावा.

चतुराबाई : काढायची वेळ येईल तवा बघू. आत्ताच डोळे कशाला पुसता?

बद्रीनाथ : चुना गेला डोळ्यात.

चतुराबाई : घरात बसून?

बद्रीनाथ : मनू, ह्या रविवारी मॅच हाय. चितेगाव अन् गंगापूर. हितली शेवटची असंल नसंल, काय सांगावं. तू येशील का?

मनस्विनी : येऊ...

चतुराबाई : बोल की. 'येऊ की'?

मनस्विनी : किती वाजता, काका?

बद्रीनाथ : अगं, माझी पेन्सिल कुठंय?