एका खोलीतली बावीस नावं

भावांनो, बायांनो, कारखान्यातून तसेच आलेल्यांनो,

मला सभेत बोलायची सवय नाही. हातात काम नसलं की हात कुठे ठेवावेत तेच मला कळत नाही. मी सुनंदा, कोन गावची. हलीमाखालांच्या शेजारी बसून बारा वर्षं मागाच्या कांड्यांवर सूत भरलं. चार दिवसांपूर्वी खाला गेल्या. दम लागून गेल्या. त्यांची जागा रिकामी आहे आणि माझा हात अजून सवयीनं तिकडे सूत सरकवतो.

मी भीत भीत उभी आहे, हे आधीच सांगते. दाराशी शेठचा माणूस आहे. असू दे. खालांनी त्यालाही चहा पाजलेला आहे.

दंगलीनंतर खालांच्या गल्लीचा नळ बंद पडला, तेव्हा त्या तक्रार घेऊन कचेरीत गेल्या. साहेबानं विचारलं, मतदारयादीत नावं आहेत का? नव्हती. साहेबानं फाईल मिटली. त्या दिवसापासून खाला दारोदार नावं लिहायला लागल्या. लोक दार लावून घ्यायचे. दंगल पाहिलेल्या माणसाला कागदावर नाव-पत्ता लिहून देताना काय होतं, ते मी तुम्हाला काय सांगू? खाला उंबऱ्याबाहेर बसून राहायच्या. "घाबरा, पण लिहा," म्हणायच्या. लोक घाबरत घाबरत लिहायचे.

मग ती खोली आली. तोवर मीही खालांबरोबर अर्ज भरायला लागले होते. तुम्हाला ठाऊकच आहे कुठली. एक खोली, बावीस नावं. अकरा जण दिवसपाळीचे, अकरा रातपाळीचे. एकाची वळकटी उचलली की तिथेच दुसऱ्याची पसरते. तुमच्यापैकी कोणाला यात नवल वाटतं? कोणालाच नाही. आमची चूक इथेच झाली. अर्जावर पाळी लिहायला जागा नव्हती, म्हणून आम्ही ती लिहिलीच नाही. भिवंडीत हे कोणाला सांगावं लागतं, असं आम्हाला वाटलं.

सांगावं लागतं. कोणीतरी हरकत घेतली. एवढ्याशा खोलीत बावीस माणसं मावत नाहीत, नावं खोटी आहेत, म्हणे. उद्या सकाळी सुनावणी आहे. बावीसच्या बावीस जणांनी एकाच वेळी हजर राहायचं. दिवसपाळीचे अकरा जण माग सोडून आले, तर शेठ म्हणतो परत येऊ नका. ते नाही आले, तर ते खोटे ठरतात.

एकच वाट उरली आहे. ज्यानं अर्ज भरले, त्यानं साहेबासमोर उभं राहून शपथेवर सांगायचं की मी खोलीत गेले, माणसं पाहिली, पाळ्या पाहिल्या. खाला जाणार होत्या. त्या अर्जांवर दोनच जणींचं अक्षर आहे. एक त्यांचं, एक माझं.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले होते. भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "सुनंदा, माझा दम पुरला न्हाय, तर तू जाशील?" मी काय म्हटलं ठाऊक आहे? म्हटलं, "खाला, आधी चहा घ्या." त्यांनी चहा घेतला. पुन्हा विचारलं नाही. मला त्या चहाची लाज वाटते.

मला भीती वाटते. माझं काम जाईल. माझा नवरा त्याच शेठच्या मागावर आहे, त्याचंही जाईल. गावात आत्तापासूनच विचारतात, त्यांच्यासाठी तू कशाला मरतेस? त्यांच्यासाठी म्हणजे कोणासाठी? खालांच्या छातीत जी सुताची धूळ होती, तीच माझ्या छातीत आहे. खोकला आला की मला त्याच आठवतात.

आता आपण उभे राहू. शेजारचे माग काही थांबणार नाहीत, शेठ ते खालांसाठी थांबवणार नाही. त्या खडखडाटातच दोन मिनिटं गप्प राहू.

दाराशी उभे आहात ना भाऊ, शेठला तुम्ही हे सांगालच. नीट सांगा. सुनंदा, कोनची, कांडीवाली.

खाला, तुम्ही मला विचारलं होतं. उद्या मी जाते.