प्राध्यापकांनी तोडलेलं माझं वाक्य

माननीय अध्यक्ष बळवंतराव, व्यासपीठावर बसलेले पाहुणे, दिल्लीतली मराठी मंडळी, आणि ज्यांच्यासाठी आजचा हार आणला आहे ते प्राध्यापक यशोधन गद्रे,

मी कोण, हे तुम्ही विसरला असणारच. पत्रिकेत माझं नाव 'एक आजी' असं छापलंय म्हणे. सात वर्षं मंडळाच्या गणपतीत माझ्या हातचे मोदक खाता, पण नाव काही लक्षात राहत नाही. मी अहिल्या मोहिते, सुभेदार मल्हारी मोहित्यांची बायको, राहणार इथलीच, दिल्लीतली द्वारका. मला लिहिता-वाचता येत नाही. मी सांगते आहे आणि माझी नात रसिका लिहून घेते आहे. गुडघ्यांपायी तुमचे जिने मला चढवत नाहीत, तेव्हा वाचणारही तीच. रसिका, वाचताना कुणी मध्ये बोललं तर थांबायचं नाही. प्राध्यापक बोलले तरी नाही.

आज ते कॉलेज सोडून कायमचे टीव्हीवर चालले आहेत. आधीच्या वक्त्यांनी त्यांची स्तुती केली असेल. त्यातली निम्मी मीही करते, कारण तेवढी खरी आहे.

एक्क्याऐंशी साली हा मुनिरक्यात आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला आला. सभेत 'अहो' म्हणायला हवं, पण ज्याला पाटावर बसवून वाढलं त्याला कुठवर अहो म्हणू? मी पोळ्या लाटायचे, तो पेपर वाचून दाखवायचा. मी विचारायचे, "हे कोण म्हणालं? त्याने डोळ्यांनी पाहिलं का?" तो चिडायचा, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांना तेच विचारायचा. त्याच्या वर्गाची एक रीत होती. विद्यार्थी बोलायला उभा राहिला की हा खडू टेबलावर ठेवायचा आणि त्याचं बोलून संपेपर्यंत उचलायचा नाही. माझ्याकडे जेवायला येणारी मुलं हे कौतुकाने सांगायची. मलाही अभिमान वाटायचा, लपवत नाही.

मग नव्वद सालानंतर सगळंच पालटलं. घरोघरी केबल आली, नोएडात स्टुडिओ उभे राहिले, आणि आमचा यशोधन कोट घालून दर रविवारी देशाला राजकारण समजावू लागला. आम्हीही मुनिरका सोडून द्वारकेच्या सोसायटीत आलो. लिफ्ट मिळाली, चकचकीत नळ मिळाले, पाणी तेवढं यायचं राहिलं.

अठ्ठ्याण्णवच्या निवडणुकीनंतर त्याने मला कार्यक्रमात बोलावलं. तिथल्या मुलीने मला पहिल्या रांगेत बसवलं. "अम्माजी, आपकी साड़ी कैमरे पे बढ़िया आएगी." बरं, म्हटलं. टाळ्या कधी वाजवायच्या तेही तिनेच शिकवलं. यशोधनने विचारलं, मतदानाआधी तुमच्याकडे काय घडलं? मी सांगू लागले: तीन दिवस नळ कोरडे होते. दोन दिवसांवर मतदान, आणि उमेदवाराचा झेंडा लावलेला टँकर आला. आम्ही बायका बादल्या घेऊन खाली धावलो, आणि...

"शुक्रिया, अम्मा," हा म्हणाला. कॅमेऱ्याकडे वळला. "देखा आपने? एक बाल्टी पानी, और ग़रीब का वोट गया."

गरीब कोण? मला सुभेदाराची पेन्शन आहे. आणि मत कुणाचं गेलं? इशारा झाला, टाळ्या पडल्या. त्या शिकवणीने माझेही हात वाजले. चार वर्षं झाली, त्या हातांचा राग अजून जात नाही.

आता सभेने पुढचं ऐकावं. आम्ही खाली धावलो, आणि झेंडा पाहून थांबलो. दुसऱ्या मजल्यावरची पद्मजा टँकरपुढे उभी राहिली. तिच्या घरात सात महिन्यांची तान्ही मुलगी आणि लंगोटांचा ढीग. तरी ड्रायव्हरला म्हणाली, "झंडा उतारो, तब पानी लेंगे." तो म्हणाला, झेंडा उतरणार नाही. मग आम्ही रिकाम्या बादल्या घेऊन वर गेलो आणि टँकर भरलेला परत गेला. पुढचे दोन दिवस कसे काढले, ते आमचं आम्हाला माहीत.

हे सांगायला मला किती वेळ लागला? एवढाही नव्हता त्याच्याकडे?

कार्यक्रम संपल्यावर मी विचारलं. म्हणाला, "आजी, कानात सांगत होते, ब्रेक घ्या म्हणून. पुढच्या रविवारी दुरुस्ती करतो." कानातला हा माणूस कोण? त्याला मी कधी जेवायला घातलं नाही, त्याने माझं बोलणं का तोडावं? आणि पुढचा रविवार चार वर्षांत आला नाही.

दुसऱ्या दिवशी पद्मजा दारात आली. आतही आली नाही. "आजी, तुम्ही टीव्हीवर असं सांगितलंत? ऑफिसात सगळे ह्यांना बादली दाखवून हसताहेत."

म्हटलं, "अगं, मला बोलू दिलं नाही."

"टाळ्या तर वाजवत होतात."

तेव्हापासून लिफ्टपाशी भेटली तर मान हलवते आणि पुढे जाते. तिची मुलगी आता शाळेत जाते; माझ्या मांडीवर ती एकदाही बसली नाही.

यशोधन, तू मोठा झालास, आणखी हो. तुला मी शाप देत नाही. पण कॉलेजातून निघताना सगळं सामान घेतलंस आणि खडू खाली ठेवायची रीत तेवढी मागे ठेवलीस, याची चीड येते. देशाला सांगायचं तेव्हा सांग. आधी दुसऱ्या मजल्यावर जाऊन सांग, की वाक्य तू तोडलंस.

मंडळाने मला बोलायला वेळ दिला, अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं नसेल अशी आशा आहे, दोघांचे आभार. मांडणीत काही कमी-जास्त झालं असेल तर म्हातारीचं म्हणून सोडून द्या. शुद्धलेखन रसिकाचं आहे, त्याचं तिला विचारा.

आणि आजच्या जेवणातलं मला काही पाठवू नका. पद्मजाकडे पाठवा: श्रीखंड, बटाट्याची भाजी, पुऱ्या. डबा प्राध्यापकांच्याच हाती द्या. पुऱ्या जरा जास्त बांधा. तिचं बोलून होईपर्यंत त्यांनाही तिथे बसावं लागेल.