कपाटावरची लिली

"या खुर्च्या बसायला केल्यात की घसरायला, कोण जाणे!"

जनावरांच्या दवाखान्यात शिवणकामवाल्या बाई आपली मांजर कुशीत घेऊन बसल्या होत्या. कुरकुर शेजारच्या सासूबाईंची होती. त्यांच्या सुनेच्या मांडीवर टोपली होती आणि टोपलीत बोका निपचित पडला होता.

"आई, खुर्च्यांचं राहू द्या हो आता."

"अगं, काहीतरी बोलायचं म्हणून बोलले."

"विचारल्याशिवाय एक रोप घरात आणलं नाही मी. नर्सरीवाला वैतागला माझ्यावर! स्पायडर प्लांट चालेल म्हणाला, तो घेतला. मनीप्लांट मांजराला बाधतो म्हणाला, तो परत केला."

"तुझं काही चुकलं नाही गं."

"आणि तुमचे चिरंजीव वाढदिवसाला लिली घेऊन हजर! तरी मी फुलदाणी कपाटावर ठेवली. तिथं हा गलेलठ्ठ कसला चढतोय?"

"हं."

"पान कुरतडलेलं नाही, पाकळी तुटलेली नाही. मग पोटात गेलं तरी कसं?"

दार उघडून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "लिली नक्की पोटात गेलीय का, ते मला आत्ता कळायला हवं. किडन्या निकामी होतात. फुलदाणीतलं पाणीसुद्धा पुरतं."

"पाणीसुद्धा?" सून किंचाळलीच. "पण ते तर वर..."

सासूबाईंनी टोपलीची कडा गच्च धरलेली शिवणकामवाल्या बाईंना दिसली.

"आई? काय झालं?"

"काल तू पाणी बदलायला सांगितलंस ना... स्वच्छ दिसत होतं गं, फेकवेना. मीच ओतलं त्याच्या वाटीत."