बिरोबाच्या माळावरचे खूर

बसा मंडळी, नीट बसा. मृदंगवाले बुवा, तुम्हीही जरा हात थांबवा. आज एकच सवाल! शब्द दिला, जिवापाड पाळला, आणि तरी गाव म्हणालं, 'मोडलास' — तर माणसानं काय करावं? भांडावं? रडावं? की पुन्हा तोच शब्द पाळावा? उत्तराची घाई नको. आधी येताळा कोळेकराची गोष्ट ऐका.

माणदेशात हुलगेवाडी गाव, आणि गावाला बिरोबाचा माळ. चरून चरून इतका बोडका, की सरडा सावलीसाठी माणसाच्या पायाशी येऊन बसायचा! हसताय काय? मी पाहिलाय. बरं, ऐकलाय.

मग आजूबाजूची तीन गावं, वनखातं आणि गवताची पाती ओळखणाऱ्या कॉलेजातल्या एक बाई एकत्र आल्या. बाई म्हणाल्या, "झाडं लावू नका, खड्डे काढू नका. माळ आहे, माळच होऊ द्या. तीन वर्षं फक्त मेंढरं आत सोडू नका."

फक्त! आणि येताळाच्या मेंढ्या दीडशे. पण बिरोबाच्या पालखीचा पहिला खांदा त्याच्या घराण्याचा. देवळात हळदीचा भंडारा उचलून पहिली शपथ त्यानंच घेतली. मोडली तर पालखीला हात लावायचा नाही! त्या दिवसापासून म्हातारा कळप घेऊन तीन कोस लांब जाऊ लागला.

आणि माळ उठला, मंडळी! तिसऱ्या वर्षी गवत असं, की नवरदेव घोड्यावरून गेला तरी नुसता फेटा दिसावा!

अन् यात्रेच्या आठवड्यात माळावरच्या पाणवठ्याच्या चिखलात खूर उमटले.

सरपंच उत्तमराव देवळापाशी म्हणाले, "आबा, खूर कुणाचं?"

"माझ्या मेंढराचं न्हाई."

"मग काय बिरोबाच्या घोड्याचं? गावात मेंढरं तुमचीच."

"उत्तमा, तू ट्रॅक्टर इकतोस. टायरचा माग तुला ठावं. खुराचं मला सांगू नगंस."

लोक हसले. पण ठरलं ते ठरलं. रविवारच्या यात्रेपर्यंत खूर कुणाचे ते दाखवायचं, नाहीतर पालखीचा खांदा दुसऱ्याला.

शुक्रवारी फटफटायच्या आत येताळा पाणवठ्याजवळ गवतात पालथा पडला. दिस वर आला. गवत हललं. आणि — चिंकारा हरणी! बदामी रंग, काळेभोर डोळे. आज्यानं सांगितलेली, बापानंही न पाहिलेली! पाणी पिऊन ती झुडपाकडे गेली, अन् तिथून एवढंसं पाडस थरथरत उठलं.

येताळाच्या घशात हाक आली होती. त्यानं ती गिळली. घरी येऊन त्यानं बायकोला, सुगंधाला, सारं सांगितलं.

"मग चावडीत सांगून टाका की," ती म्हणाली.

"सांगितलं, तर समदं गाव फोटू काढाय पळंल. आई बुजंल. पाडसाकडं माघारी यायची न्हाई."

"आन् पालखी?"

येताळा नुसता घोंगडी झटकत राहिला. मंडळी, तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा. देवासमोर बसलाय.

रविवारी पहाटे तो सरपंचाच्या दारात. "एकटाच चल. पांढरी कापडं बदल."

सरपंच ते! बदलतात होय? कडक इस्त्रीत गवतातून रांगत निघाले. अंगभर कुसळं. साळिंदरानं पाहिलं असतं, तर पाहुणा म्हणून घरी नेलं असतं! पुढं येताळानं त्यांची मान हळूच खाली दाबली, आणि बोट दाखवलं. सरपंच बराच वेळ श्वास सोडायचं विसरले.

देवळापाशी सारं गाव थांबलेलं. एक जण म्हणाला, "सरपंच, घावला का चोर?"

उत्तमराव सदऱ्यातलं कुसळ उपसत हळू म्हणाले, "चोर न्हाई. माळाचा मालक माघारी आलाय. आठ दिस तिकडं कुणी फिरकायचं न्हाई." आणि पालखीचा दांडा त्यांनी स्वतः उचलून येताळाच्या खांद्यावर ठेवला.

मिळालं उत्तर? माळ राखणं सोपं होतं. डोळ्यांनी पाहिलेलं पोटात ठेवणं अवघड! आपल्याला देव दिसला तर आधी हात जोडू, की मोबाईल काढू? तो बघा, खांबाजवळचा आताच खिशात ठेवतोय!

आता घरी जाल. उद्या बांधावरचं गवत पेटवायला काडी काढाल. तेव्हा जरा थांबा. खाली वाका. आत कुणीतरी दोन दिवसांचं असेल.