आन्येलोचा हात

— नाही, त्या खुर्चीत नका बसू साहेब, ती डुगडुगते. इकडे, सावलीत. सकाळी बघितलंत ना माझ्या आन्येलोला? मग! ते वेग मोजायचं यंत्र बघून तुम्ही स्वतःशीच हसलात — मी इथून, कढईपाशी उभी राहून बघितलं. सोळा वर्षांचं पोर, पण फलंदाजाची बॅट हलायच्या आत चेंडू मागच्याच्या हातमोज्यात जाऊन बसलेला! मी मावशी आहे म्हणून नाही म्हणत, आमच्या अख्ख्या बानी गावात असा चेंडू फेकणारा, असा पिचर नाही. तुम्ही निवडलंत की अमेरिकेत, मेजर लीगमध्ये बेसबॉल खेळायला जाणारच तो. घ्या, तळलेली केळी गरम आहेत तोवर खा.

स्वभाव ना? गरीब हो. बहीण कामासाठी पोर्तो रिकोला गेली तेव्हा हा रांगत होता, तेव्हापासून माझ्याकडेच. रम नाही, शिव्या नाहीत, पोरींच्या मागे — बरं, एक आहे, पण ती चर्चला जाणारी आहे. खाणं विचाराल तर राक्षसासारखं. आणि हट्टी! आता हेच बघा, महिना झाला डाव्या हातानं जेवतोय, निम्मा भात खाली सांडतो, मी म्हटलं आण, मी भरवते, तर माझ्यावरच —

काय? डाव्या हातानं म्हणजे — उगीच हो, गंमत म्हणून. पोरं करतात असलं काहीतरी. तुम्ही खायचे का थांबलात? मीठ कमी पडलं का?

हे बघा, दुखत-बिखत काही नाही त्याचं. फेकून आला की कोपर जरा सुजतं, बर्फ लावला की उतरतं. आणि नेरिओ आहे ना, कोच, तो फेकायच्या आधी सुई देतो. ताकदीची आहे. आज सकाळीही दिली. बाटलीवरचं मला कुठलं वाचता येतंय — घोड्याचं चित्र आहे तिच्यावर, तेवढं दिसतं. मी विचारलंही, हे घोडं कशाला रे? तर हसला. म्हणाला, मावशी, घोड्यासारखा जोर येतो म्हणून —

असं नका बघू माझ्याकडे. मला काय माहीत? मला... बरं, मला वाटलं होतं. रात्री उशीत तोंड खुपसून कण्हतो, मी ऐकते आणि कूस बदलते. दुसरं काय करू? चार वर्षं झाली, त्याच्या तोंडी मेजर लीगशिवाय शब्द नाही. तुम्ही इतके हात बघितलेत, खरं सांगा — राहील ना त्याचा हात? नुसती मान नका हलवू साहेब, बोला. दुपारी तुमचे वरचे येणार आहेत, त्यांच्यासमोर परत फेकायचंय त्याला. नका फेकू देऊ. वेग कमी पडला म्हणा, उंची कमी पडली म्हणा, काहीही सांगा, फक्त मावशी बोलली म्हणू नका. जन्मात तोंड बघायचा नाही तो माझं.

उठलात? हो, सांगा जाऊन — अहो, गाडीकडे कुठे? मैदान तिकडे आहे, साहेब! तो वाट बघतोय. एक शब्द तरी बोला त्याच्याशी, नाहीतर तो तसाच फेकत राहील, आज तुमच्यासाठी, उद्या दुसऱ्या कुणासाठी... तो बघा, नेरिओ ती घोड्याची बाटली घेऊन पत्र्याच्या खोलीत बोलावतोय त्याला. आता का बोलावतोय ते कळतंय ना तुम्हाला? कळतंय, आणि तरी —

जा. जा तुम्ही, व्हा बाजूला. आन्येलो! ए आन्येलो! आत जाऊ नकोस! मी येतेय — मी सांगितलंय त्यांना, ऐकलंस? मी सांगितलंय!